फटफटीवरून धारणीला : ताडपत्रीचा तंबू आणि शेवटी एक पंगत

धारणीच्या मुला-मुलींच्या वसतिगृहाला स्वयंपाकीण पाहिजे, राहायला खोली मिळेल, बाईला लिहिता-वाचता आलं तर फारच बरं, असा निरोप एका ओळखीच्या मास्तरांनी आमच्या अकोल्याच्या वस्तीत आणला. पौष संपत आला होता. मास्तर म्हणाले, "तुम्ही एकट्या आहात. विचार करा." मी विचार केला आणि म्हटलं, आधी जागा पाहून येते.

माझे यजमान जिनिंग फॅक्टरीत फिटर होते. काविळीने गेले, त्याला दोन पावसाळे झाले. मुलगी लग्न होऊन वर्धेकडे गेली. तेव्हापासून मी धाकट्या भावाच्या, सदाच्या घरी राहते आणि हंगामात जिनात कापूस निवडायला जाते. भावजय चांगली आहे. पण तिच्या चुलीपाशी मी पाहुणी, हे आम्हा दोघींना सकाळ-संध्याकाळ आठवतं.

सदाला निरोप आवडला नाही. तो सडकेच्या कामावर ट्रक चालवतो, खडी घेऊन धारणीपर्यंत जाऊन आलेला आहे.

"पागल झाली काय वो अक्का? तथी निरं जंगल हाय. हिवतापानं मानसं मरतेत."

"मानसं अकोल्यातबी मरतेत," मी म्हटलं.

"अन् ते पोट्टे तुह्या हातचं खातीन काय? कोरकू लोक हायेत. मायबाप पहिले इचारतीन, बाई कोन हाय. मंग?"

तो 'मंग' माझ्या ओळखीचा होता. आम्ही बौद्ध झालो त्याला काही वर्षं झाली होती. आम्ही बदललो, लोकांचे प्रश्न तेच राहिले. जिनात माझ्या शेजारी बसून दिवसभर कापूस निवडणाऱ्या बायका भाकरीच्या वेळेला अजून थोड्या सरकून बसतात. वाईट बोलत नाहीत. फक्त सरकतात. तेव्हा मला तिथे दोन गोष्टी पाहायच्या होत्या. एकटीने राहणं जमेल का, आणि माझ्या हातचं तिथे कोणी खाईल का. दुसरी जमली नाही तर पहिलीला काही अर्थ नव्हता.

जायला मोटारी आहेत. पण मी म्हटलं, फटफटीवर जाऊ.

फटफटी यांची. लढाई संपल्यावर लष्कराचा जुना माल लिलावात निघाला, तेव्हा जिनाच्या मालकाने ती घेतली होती. चालेना म्हणून शेडमध्ये पडून राहिली. यांनी ती मागून घेतली आणि वर्षभर खपून चालती केली. तिच्या डाव्या अंगाला एका चाकाचा डबा जोडलेला आहे, त्यात एक माणूस बसतं. आमच्या वस्तीतली पोरं त्याला पाळणा म्हणतात. यांच्या मनात मेळघाट होता. परतवाडा, चिखलदरा, सेमाडोह, धारणी, आणि तिथून जंगलातल्या वाटेने अकोटला खाली उतरायचं. मुक्काम तंबूत. सागाचे ट्रक घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरांना चहा पाजून पाजून त्यांनी सगळी वाट तोंडपाठ केली होती. पण जिन दिवाळीला सुरू होतं, हंगामभर फिटरला सुट्टी नाही. हंगाम संपला की उन्हाळाभर मशीन उघडून दुरुस्ती. मोकळीक मिळायची ती पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात मेळघाटातल्या नद्या रस्ता गिळून बसतात. रस्ता उघडा तेव्हा जिन, जिन बंद तेव्हा रस्ता बंद. बेत तसाच राहिला.

सदा फटफटी चालवायला तयार झाला, त्यात त्याचा डाव होता आणि तो त्याने लपवलाही नाही. "चाल. हाडं खिळखिळी झाले का तूच म्हनशीन, नको बाप्पा धारनी."

ज्यांना या वाटेने जायचं असेल त्यांच्यासाठी सांगते, सामान थोडं घ्या. आम्ही घेतलं ते असं. कापसावर टाकायची एक जुनी ताडपत्री, दोन बांबू, दोर, खुंट्या. माघात डोंगरात थंडी बोचते, म्हणून दोन घोंगड्या. कणीक, ज्वारीचं पीठ, बेसन, तिखट-मीठ, तेलाची बाटली, वांगी, संत्री. एक तवा, एक पातेलं. पाण्याचा डबा मोठा घ्या, कारण पहिल्या दिवशी पाण्याचीच ओढ. फटफटीची जादा चेन आणि प्लग. पेट्रोल परतवाड्याला भरून घ्या, पुढे भरवसा नाही. खर्च बहुतेक त्याचाच, खाणं घरचं असलं की बाकी फारसं काही लागत नाही.

तंबू कशाला, असं भावजयीने विचारलं. वाटेत धर्मशाळा आहेत, सरकारी बंगले आहेत. पण बंगल्याला परवाना लागतो, आणि धर्मशाळेत नाव सांगावं लागतं. नावापाठोपाठ गाव, गावापाठोपाठ तिसरा प्रश्न. आपली ताडपत्री असली की कोणाच्या ओसरीकडे पाहावं लागत नाही. यांनी तंबूचा हट्ट धरला होता तो काही नुसता हौसेने धरला नव्हता, हे मला ताडपत्री बांधताना कळलं. हयात असताना विचारायला हवं होतं.

आम्ही भल्या सकाळी निघालो. अकोल्याहून दर्यापूरची वाट धरली. काळ्या मातीचा रस्ता, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या वीतभर खोल. फटफटीचं चाक एका चाकोरीत आणि पाळण्याचं चाक बाहेर, त्यामुळे मी सारखी कलंडलेली. कापसाची वेचणी संपत आलेली, शेतात कापसाच्या वाळल्या काड्या, पराट्या, उभ्या, मधूनच हरभऱ्याचा हिरवा तुकडा. धूळ इतकी की पूर्णा ओलांडेपर्यंत सदाच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या.

"म्हातारा दिसून राहिला तू," मी म्हटलं.

"तुह्या नवऱ्यानं हे लोखंड माह्या गयात बांधलं म्हून. नाई तं जवानच होतो."

पूर्णेच्या दोन्ही अंगांना विहिरींचं पाणी खारं. चहा केला तर दूध फाटतं. गोड्या पाण्याची विहीर एखादीच, आणि ती कुठे आहे हे विचारल्याशिवाय कळत नाही. दर्यापूरच्या अलीकडे एका शेतात एक म्हातारा मोट हाकत होता. सदाने फटफटी थांबवली. बैल बुजले, म्हाताऱ्याने आधी त्यांना चुचकारलं, मग आम्हाला.

"कुठचे पाव्हने?"

"अकोल्याचे."

"अकोल्याचे कोन?"

"बौद्ध," सदा म्हणाला.

म्हाताऱ्याने आमच्याकडे पाहिलं, मग फटफटीकडे पाहिलं. "बरं बरं. पानी पाह्यजे ना? बसा बाई खाली, वंजळ धरा."

मी उकिडवी बसले आणि ओंजळ तोंडाशी धरली. त्याने उंचावरून धार सोडली, मध्ये तुटू न देता. लहानपणापासून ही धार मला ठाऊक आहे. ती पिताना मान किती वाकवायची, श्वास कधी घ्यायचा, हे शिकावं लागत नाही. पाणी गोड होतं. मी पोटभर प्याले. सदा प्याला नाही.

"तुमी नाई पेत?" म्हाताऱ्याने विचारलं.

"मले नाई, गाडीले पाह्यजे," म्हणत सदाने डबा पुढे केला.

म्हाताऱ्याने डबा भरला. वर मळ्यातले चार मुळे उपटून, धुऊन दिले. "असू द्या. रस्त्यानं कामी येतीन."

पुष्कळ पुढे गेल्यावर सदा ओरडून म्हणाला, "मुळे देते अन् लोटा देत नाई!"

"मुळे चांगले हायेत," मी म्हटलं. मुळे खरंच चांगले होते, कोवळे आणि तिखट.

अंजनगावला पानमळ्यांच्या सावल्या लागल्या आणि जीव थंड झाला. परतवाड्याला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. गावभर कापलेल्या सागाचा वास. पेट्रोल भरलं, गावाबाहेर सापन नदीच्या काठी मोकळी जागा पाहून ताडपत्री ताणली. गोवऱ्या वेचून विस्तव केला, पळसाच्या पानांत कणकेचे पानगे दडपले, वांगी भाजली. ज्यांना तवा-परात नेण्याचा कंटाळा असेल त्यांनी पानगेच करावे, पळस सगळीकडे आहे. माझे हात दिवसभर पाळण्याची दांडी धरून असे आखडले होते की घास मोडवेना. सदाने ते पाहिलं आणि समाधानाने पाय पसरले.

"आजून घाट बाकी हाय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी घाट. इथे पाळण्यात बसणाऱ्याला काम असतं हे सांगून ठेवते. डावं वळण आलं की पाळण्याचं चाक जमिनीवरून सुटू पाहतं. तेव्हा बसणाऱ्याने डाव्या बाजूला अंग झोकून द्यायचं, अगदी बाहेर. हे मला यांनी अकोल्यात, मूर्तिजापूरच्या रस्त्यावर शिकवलं होतं. "तू सामान नाहीस, तू वजन आहेस," म्हणायचे. घाटात मी वजन टाकत राहिले. एका वळणावर खाली दरी पूर्ण उघडी पडली. सागाची पानं झडत आलेली, त्यामुळे डोंगराच्या बरगड्या दिसत होत्या. तळाशी नदीची पांढरी रेघ, आणि मधूनच पळसाला लाली धरलेली. इंजिन तापलं म्हणून सदाने तिथेच थांबवलं आणि दगड लावला. ड्रायव्हरांनी यांना सांगितलं होतं की या वळणावर ढग पायाखाली येतात. आम्हाला ढग दिसले नाहीत. ऊन होतं आणि घाटाखालून गाडीवानाच्या हाका येत होत्या. मी तिथे बरा वेळ बसले. सदा प्लग पुसत होता, त्याने घाई केली नाही.

चिखलदऱ्याला साहेब लोकांच्या वेळचे बंगले, कॉफीची झाडं, आणि वारा असा की पदर डोक्यावर ठरत नाही. ज्यांना डोंगराची टोकं पाहायची हौस आहे त्यांनी इथे एक दिवस काढावा. यांना कोणीतरी सांगितलं होतं की इथून अकोल्याचे दिवे दिसतात. भर दुपारी दिवे कुठले दिसणार? पण दिशा पाहून ठेवली. खाली सगळं धुरकट, एकसारखं. त्यातलं अकोला कोणतं हे कोणालाच सांगता आलं नसतं.

चिखलदऱ्याहून सेमाडोहची उतरण वाईट. गोटे मोठे, मधूनच ओढ्यांची कोरडी पात्रं. माझ्या पाठीच्या कण्याने प्रत्येक गोटा मोजला. उन्हं उतरायच्या आत सेमाडोहला सिपना नदीपाशी पोचलो. पाणी इतकं नितळ की तळाचे खडे दिसतात. मी पाय बुडवले आणि मला उठावंसं वाटेना. आम्ही काठावर खुंट्या ठोकायला लागलो तसा जंगलखात्याच्या बंगल्याचा चौकीदार धावत आला.

"अरे बापा, हे काय करून राहिले? इथं पानी प्यायले वाघ येते."

"आमी त्याले अडवत नाई," सदा म्हणाला.

"तुमी नाई अडवत. तो अडवीन ना तुमाले!"

त्याने आम्हाला बंगल्याच्या आवारात, स्वतःच्या खोपटाशेजारी ताडपत्री लावू दिली. परवाना विचारला नाही. नावही विचारलं नाही. मी बेसन केलं, त्याला दिलं, त्याने भाकरीवर घेऊन उभ्या उभ्या खाल्लं आणि तिखट कमी आहे म्हणून नाव ठेवलं. एखाद्याने आपल्या स्वयंपाकाला नाव ठेवावं आणि आपल्याला बरं वाटावं, असं कधी कधी होतं.

तिसऱ्या दिवशी हरिसालच्या अलीकडे चेन तुटली. सदा शिव्या देत कामाला लागला. रस्त्यापासून जरा आत कोरकूंची दोन ओळींत घरं होती. कुडाच्या भिंती, अंगण शेणाने सारवलेलं, इतकं स्वच्छ की चप्पल बाहेर काढावीशी वाटली. मी पाणी मागायला गेले. एक म्हातारी दारात सुपाने धान्य पाखडत होती. "पानी," मी म्हटलं आणि नेहमीप्रमाणे अंगणाच्या कडेला उकिडवी बसले, ओंजळ पुढे धरली.

तिने माझ्या ओंजळीकडे पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. ती आत गेली, बाहेर आली आणि माझ्या ओंजळीत मूठभर वाळलेली मोहाची फुलं टाकली.

मला कळेना. मी तशीच बसून राहिले. तिला वाटलं थोडी पडली, तिने अजून एक मूठ टाकली. मग पाठीमागून एक तरुण बाई पाण्याचा लोटा घेऊन आली आणि माझ्या दोन्ही हातांत फुलं आहेत हे पाहून हसायला लागली. म्हातारी तिला तिच्या भाषेत काही म्हणाली, तीही हसली.

"बुढी बोली, बाई को भूख लगी," तरुण बाईने मला समजावलं. "इधर पानी को कोई ऐसा हात नहीं करता."

तिने लोटा माझ्या हातात द्यायला पुढे केला. मी फुलं पदरात घेतली आणि लोट्याला तोंड लावून पाणी प्याले. पाणी अंगावर सांडलं. पन्नाशीला आलेली बाई, परक्या घरच्या लोट्याने पाणी पिताना लेकरासारखं सांडत होते.

परत येऊन मी आमच्यातली एक भाकर घेतली आणि त्या घरी नेऊन दिली. अंगणात तरुण बाईचं लेकरू खेळत होतं, त्याने हात पुढे केला. म्हातारीने ती भाकर त्याच्या हातून हळूच काढून घेतली आणि माझ्याकडे परत दिली. रागाने दिली नाही. मान हलवली, हसली, सूप हातात घेतलं.

सदाने रस्त्यावरून पाहिलं होतं. "झालं? पानी देते पन भाकर घेत नाई. तो बुढा मुळे देते अन् लोटा देत नाई. कोनाचाच हिशोब कोनाशी जुयत नाई!" थोड्या वेळाने, चेन चढवता चढवता, तो खालच्या आवाजात म्हणाला, "अक्का, अजूनबी परत फिरू. धारनीले हेच होईन."

"धारनी उलिशी रायली आता, आलीच," मी म्हटलं. मोहाची फुलं गोड असतात, तोंडात चिकट होतात. मी ती धारणीपर्यंत चघळत गेले.

धारणी म्हणजे मोठं खेडं. बाजार, कचेरी, दवाखाना. वसतिगृह गावाच्या टोकाला, लांब कौलारू. तिथले गृहपाल सर अमरावतीकडचे, सडपातळ, घसा सतत खाकरणारे. आधीचा आचारी तापाने हैराण होऊन घरी गेला होता, तेव्हापासून थोरली मुलंच कसंतरी शिजवत होती. सरांनी आडपडदा ठेवला नाही.

"बाई, दोन-तीन पालकांनी मला विचारलंय. मी सांगितलं, येईल ती शिजवेल. पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही. आज संध्याकाळचं करून पाहता?"

मी हो म्हटलं. अंग मोडून आलं होतं, डोळ्यांत धूळ होती, कानांत अजून फटफटी चालू होती. तूरडाळीचं वरण लावलं, वांग्याची भाजी केली, आणि भाकरी थापायला बसले. दारात एक थोरली मुलगी येऊन उभी राहिली. नाव फुलवंती. तिने सगळ्या भाकरी होईपर्यंत पाहिलं, मदतीला हात लावला नाही.

पंगत बसली. मी वाढलं. कोणी हात घातला नाही. सगळी मुलं फुलवंतीकडे पाहत होती आणि फुलवंती ताटाकडे.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"बापू बोला," ती म्हणाली, "नई बाई के हात का नहीं खाना."

सर चढ्या आवाजात काही बोलणार होते. सदा भिंतीपाशी उभा होता, त्याचा चेहरा मी पाहिला नाही, मला पाहायचा नव्हता. मी म्हटलं, "राहू द्या सर." आणि खरं सांगायचं तर मला पुढे काय करायचं ते माहीत नव्हतं. सकाळपासून पोटात मोहाची फुलं आणि एक संत्रं. आमच्याकडे रांधणारी बाई सगळ्यांचं झाल्यावर, भांडी आवरल्यावर जेवते. आई तशी जेवली, मी तशीच जेवत आले. त्या दिवशी मला ते जमलं नाही. मी ताटली घेतली, पंगतीच्या टोकाला बसले आणि जेवायला लागले. भाकर वरणात कुस्करली आणि मोठे मोठे घास घेतले.

मुलं टकामका पाहायला लागली. स्वयंपाकीण वाढायचं टाकून आधीच जेवते आहे! एक बारकी मुलगी तोंडावर हात ठेवून खुदखुदली. दुसरी हसली. मग ओळभर हसणं पसरलं, आणि हसता हसता कोणीतरी घास घेतला. कोणी आधी घेतला ते मला सांगता येणार नाही, मी ताटलीतच पाहत होते. वर पाहिलं तेव्हा बहुतेक जेवत होती.

फुलवंती जेवली नाही. ती उठली, कोठीतून पीठ घेतलं आणि चुलीपाशी जाऊन स्वतःची भाकर थापायला लागली. कडा फाटल्या. आच मोठी होती, एक अंग करपलं, आतून कच्ची राहिली. तिने ती मिठाबरोबर खाल्ली, माझ्याकडे बघत बघत.

"लाकूड जरा ओढून घ्यायचं," मी म्हटलं. "आच कमी."

दुसरी भाकर टाकताना तिने लाकूड बाहेर ओढलं.

सकाळी सरांनी खोली दाखवली. लहान आहे. एक खिडकी, तिच्याबाहेर साग. भिंतीवर पाल. दाराला आतून कडी. ती कडी मी लावून पाहिली, काढून पाहिली.

"ती थोरली हळूहळू खाईल," सर म्हणाले.

"नाही खाल्लं तर?"

त्यांनी घसा खाकरला. "नाही खाल्लं तर नाही."

या उत्तरासाठी मला हा माणूस आवडला.

परतीला सदाने जंगलातली अकोटची वाट धरली. ही वाट सगळ्यांत देखणी आणि सगळ्यांत त्रासाची. कोसच्या कोस माणूस नाही. बांबूची बेटं रस्त्यावर वाकलेली, मोर समोरून चालत जातात, उडायचीही तसदी घेत नाहीत. एका ओढ्यात फटफटी अडकली, मी खाली उतरून ढकलली, लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलात. इथे एकट्याने येऊ नका, आणि दिवस मावळायच्या आत बाहेर पडा. पुढे नरनाळ्याचा किल्ला डोंगरावर लांबच लांब दिसतो, मग जंगल एकदम संपतं आणि अकोटचा सपाट काळा मुलूख सुरू होतो. यांना इथेच येऊन एक बिडी ओढायची होती, असं सांगायचे. आम्ही थांबलो. सदाने बिडी पेटवली, अर्धी ओढली आणि उरलेली दगडावर ठेवली.

"मी तं समजलो होतो तू थकशीन," तो शेवटी म्हणाला.

"थकलीच मी."

"मंग?"

"थकली म्हून काय झालं?"

घरी पोचलो तेव्हा भावजयीने चहा केला आणि माझं तोंड पाहून बादलीभर पाणी तापवलं. त्यानंतर दोन दिवस मी पडून होते. पाठ, मनगटं, मान. यांना हा प्रवास झेपला असता का, असं मनात आलं. झेपला असता. ते गात गेले असते आणि मला राग आला असता.

डोंगर पाहिले, नदी पाहिली, ते सगळं आठवतं. पण मिटल्या डोळ्यांपुढे ते येत नाही. ओंजळीत पडलेली फुलं येतात, आणि लेकराच्या हातून भाकर काढून घेणारी म्हातारी. दोन्ही एकाच बाईने केलं. मी दोन्ही एकत्र ठेवून पाहते, ते एकत्र बसत नाही, आणि मला ते बसवायची आता ताकद नाही. यांच्याशी बोलता आलं असतं तर ते काहीतरी म्हणाले असते. काय, ते मला सुचत नाही, आणि हेच रोजचं दुःख आहे.

मास्तर उत्तर घ्यायला येणार त्या दिवशी सदा कामाला गेला नाही. उंबऱ्यात बसून राहिला.

"सगळ्याईनं खाल्लं असतं तं मी एक शब्द बोललो नसतो," तो म्हणाला. "पन ते मोठी पोट्टी? तुह्याच समोर बसून येगळी भाकर भाजीन, रोज. अन् तू पाहात राहाशीन? हे आपुन काहून सोसाचं?"

भावजय आत भांडी लावत होती, भांड्यांचा आवाज थांबला.

"भाकर ती भाजते," मी म्हटलं, "पन चूल माही हाय. तवा माहा हाय. तिचं पीठ मी रोज येगळं काढून ठेवीन."

"अन् कवापर्यंत ठेवशीन?"

"तिले भाकर जमेपर्यंत."

सदा उठला. मग तुटलेल्या चेनचा दुवा बदलायला पाहिजे, पुन्हा एवढं सामान घेऊन चढायचं आहे, असं पुटपुटत तो अंगणात गेला.